पळायचे थांबलेल्या बैलांचा पत्ता ठेवा: सातारा-सांगलीच्या शर्यत कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
सातारा व सांगली जिल्ह्यांत बैलगाडी शर्यती भरवणाऱ्या सर्व यात्रा कमिट्या, मैदानांचे आयोजक आणि गाडीमालक यांस,

सप्रेम नमस्कार.

पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेपासून खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या पौषी यात्रेपर्यंत आपल्या दोन जिल्ह्यांत खिल्लार जनावरांची जी उलाढाल होते, तिच्यात कोणत्या आदताला (दुधाचे दात न पडलेल्या खोंडाला) किती मागणी आली, कोणत्या दुशाचा (दोन दातांच्या बैलाचा) पैरा, म्हणजे गाडीतली जोडी, कोणाशी ठरला आणि कोणत्या चौशाने (चार दातांच्या बैलाने) कोणते मैदान मारले, याची बित्तंबातमी शाळकरी पोरांनाही असते. मात्र काही हंगामांपूर्वी ज्याच्या नावावर मैदाने भरत होती, तो बैल आज कोणाच्या दावणीला आहे असे विचारले, तर आयोजकांना, समालोचकांना आणि कित्येकदा त्याच्या पूर्वीच्या मालकालाही उत्तर देता येत नाही. त्या न मिळणाऱ्या उत्तराविषयी हे पत्र आहे.

मी गाडीमालक नाही, कोणत्या कमिटीचा पदाधिकारी नाही आणि शर्यतीचा विरोधकही नाही. फाटीच्या (शर्यतीच्या धावपट्टीच्या) कडेला उन्हात उभे राहून पहिल्या गटापासून फायनलपर्यंत सगळ्या गाड्या पाहिल्याशिवाय ज्यांचा पाय निघत नाही, अशा शौकिनांपैकी मी एक आहे. शौकिनाला मैदानात खुर्ची नसते आणि निकालात बोलण्याचा अधिकारही नसतो, तरी बैलाला नाव मिळते ते त्याच्याच तोंडून. मालकाने गोठ्यात ठेवलेले नाव लोकांनी उचलले की ते बॅनरवर, टेम्पोच्या काचेवर आणि पोरांच्या मोबाइलच्या स्टेटसवर जाते. ज्यांनी आयुष्यात बैल जवळून पाहिलेला नाही, अशा शहरातल्या मुलांनाही शर्यतीचा बैल बकासूर कोण ते ठाऊक असते. बैलांचे वाढदिवस होतात, फ्लेक्स लागतात, केकही कापले जातात. या प्रेमाची चेष्टा करणारे पुष्कळ आहेत आणि केकच्या बाबतीत मीही थोडा त्यांच्या बाजूचा आहे. पण ते प्रेम खोटे आहे असे मला कधीच वाटले नाही. बैलाचा वेग गेल्यावरही ते आटत नाही. त्याला जायला ठिकाण उरत नाही, एवढेच होते.

याचा पुरावा आपल्याच मैदानात मिळतो. एखादा नवा आदत तासात (आपल्या गाडीच्या पट्ट्यात) उभा राहिला की समालोचक आधी त्याचे कूळ सांगतो: हा अमक्याचा, त्याच्या बापाने तमके मैदान मारले होते. ते नाव ऐकताच गर्दीतली पन्नाशीची माणसे एकमेकांकडे पाहतात, कोणी त्या बापाची एखादी फायनल आठवून सांगू लागतो, आणि मग हमखास कोणीतरी विचारतो, ‘हाय का अजून तो?’ तेवढ्यात झेंडा पडतो आणि प्रश्न धुळीत जातो. ज्याचे नाव पुकारून आज वासराची किंमत वाढते, तो स्वतः जिवंत आहे की नाही हे पुकारणाऱ्याला ठाऊक नसावे, यात कोणाची दुष्ट बुद्धी आहे असे मी म्हणत नाही. ती माहिती ठेवण्याची जबाबदारी आजवर कोणावरच नव्हती.

शर्यती पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून आपण सर्वांनी काय सांगितले होते, ते या निमित्ताने आठवावे लागेल. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने बैलाला प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातले, ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. या सगळ्या वर्षांत, मोर्चात असो की चावडीवर, आपला मुख्य युक्तिवाद एकच होता: शर्यत टिकली तर खिल्लार टिकेल, आणि शेतकरी या बैलाला पोटच्या पोराप्रमाणे सांभाळतो. पहिले म्हणणे खरे आहे हे बाजारांनी दाखवून दिले. शर्यत सुरू होताच खोंडांना पुन्हा गिऱ्हाईक आले. दुसरेही पुष्कळ अंशी खरे आहे. पण त्याची परीक्षा बैल पळत असताना होत नाही. पळत्या बैलाला दूध, अंडी, उडदाचा भरडा आणि शेंगपेंड घालायला कोणीही तयार असतो, कारण तो ते परत मिळवून देतो.

परवानगीबरोबर जे नियम आले, त्यांचा सगळा रोख मैदानाच्या दिवसावर आहे. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्या, धाव हजार मीटरच्या आत ठेवा, पशुवैद्यकाकडून बैल तपासून दाखला घ्या, काठी-चाबूक वापरू नका, विजेचा झटका देऊ नका. मोडाल तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे नियम हवेतच, आणि ते काही ठिकाणी जसे पाळले जातात तसेच सगळीकडे पाळले जावेत. परंतु चांगल्या निगराणीतला बैल अठरा-वीस वर्षे जगतो आणि त्याच्या ऐन पळीचा काळ त्यातला थोडाच असतो. चार-पाच वर्षांत तो दाती जुळतो (त्याचे सगळे दात येतात), त्यानंतर काही हंगाम जातात, मग गटातच गाडी मागे पडू लागते आणि एके दिवशी मालक छकड्याला दुसरे जनावर जुंपतो. तिथून पुढची आठ-दहा वर्षे कोणत्याही नियमात नाहीत आणि कोणत्याही कमिटीच्या ठरावातही नाहीत.

ती वर्षे कशी असतात, हे आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका बैलामुळे मला जवळून पाहायला मिळते. त्याचे नाव मी इथे देत नाही, कारण त्याच्या मालकाला गर्दी नको आहे. एके काळी तो फाटीवर आला की लोक जेवण टाकून उठत. आता त्याचा पांढरा रंग पिवळसर झाला आहे, पाठीचा कणा वर आला आहे, आणि जू बसून बसून खांद्यावर जे घट्टे पडले त्यांची कातडी हाताला चामड्याच्या पट्ट्यासारखी लागते. त्याच्या गव्हाणीपुढे सकाळी कडब्याचे अर्धवट चावलेले, लाळेत भिजलेले बोळे पडलेले असतात. दाढा झिजल्या की बैल वैरण तोंडात घोळवतो आणि चावता न आल्याने टाकून देतो. पाहणाऱ्याला वाटते की गव्हाण भरलेली आहे, म्हणजे जनावर खाते आहे. त्या मालकाच्या ध्यानात हे आले आणि त्याने कडब्याची बारीक कुट्टी करून ती भिजवून द्यायला सुरुवात केली, तेव्हा बैलाच्या अंगावर पुन्हा थोडे मांस दिसू लागले. त्याचे खूर पूर्वी पत्री (लोखंडी नाल) मारताना आपोआप साळले जात. आता पत्री नाही आणि चालणेही नाही, म्हणून ते पुढे वाढून वळतात, आणि वेळेवर कापले नाहीत तर बैल टाचेवर भार देऊन उभा राहतो. थंडीत गुडघे धरतात, आणि बसलेला उठताना दोनदा झोकांडी जाते.

यातली कोणतीही गोष्ट मोठ्या खर्चाची नाही, पण प्रत्येक गोष्ट कोणीतरी लक्ष ठेवून करावी लागते. आणखी एक बाब मालकांना ठाऊक असते, मात्र शौकिनांना नसते. पळीचा खुराक एकदम तोडला तर बैल खंगतो, आणि प्रेमापोटी तसाच चालू ठेवला तर कामाविना धान्य पचत नाही, पोटात आम्लता वाढते आणि खुरांना सूज येते. खुराक महिना-दोन महिने हळूहळू उतरवावा लागतो. शर्यतीची तयारी कशी करावी हे सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर ढिगाने आहेत, शर्यत सोडवावी कशी हे सांगणारा एकही माझ्या पाहण्यात आलेला नाही.

मालकांविषयी इथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे, नाहीतर हे पत्र त्यांच्यावर ठपका ठेवण्यासाठी लिहिले आहे असा समज होईल. बैल अखेरपर्यंत सांभाळून आपल्याच रानात त्याला मूठमाती देणारी, दहाव्याला गाव जेवू घालणारी, बांधावर समाधी बांधणारी घरे आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. २०२२ मध्ये लम्पीची साथ आली, बाजार आणि मैदाने बंद झाली, तेव्हा म्हाताऱ्या बैलाच्या अंगावरच्या गाठी कडुलिंबाच्या पाण्याने धुणारी माणसे मी पाहिली आहेत. पण पूर्ण वाढीच्या खिल्लार बैलाला दिवसाला दहा किलोच्या आसपास सुकी वैरण लागते, म्हणजे वर्षाला साडेतीन टनांच्या पुढे. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यांत पाऊस हुकला की ही वैरण विकत आणावी लागते. दुष्काळात चारा छावणीत दुभती म्हैस न्यायची की दावणीचा म्हातारा बैल, हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहतो त्याला दोष देण्याचा अधिकार बांधावरून टाळ्या वाजवणाऱ्या मला नाही. मग बैल विकला जातो. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जातो, दुसऱ्या-तिसऱ्या हाती त्याचे नाव पुसले जाते, आणि शेवटी तो केवळ एक पांढरा बैल उरतो. राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याने त्याच्या गव्हाणीत वैरण पडत नाही.

या प्रश्नाचा विचार जिथे आपल्या आधी झाला, ते जग घोड्यांच्या शर्यतीचे आहे, म्हणून थोडे विषयांतर वाटले तरी तिकडचे दाखले देतो. घोड्यांची शर्यत म्हणजे पैजेचा आणि पैसेवाल्यांचा खेळ, असे आपल्याकडे म्हटले जाते आणि त्यात तथ्य आहे. तिथेही पळून झालेल्या जनावराचे हाल कमी झालेले नाहीत. तरीही तिथल्या शौकिनांनी काही गोष्टी करून दाखवल्या आहेत.

इंग्लंडमध्ये रेड रम नावाच्या घोड्याने ग्रँड नॅशनल ही अत्यंत अवघड शर्यत १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीनदा जिंकली, आणि मधली दोन वर्षे तो दुसरा आला. पळणे थांबल्यावर लोक त्याला दुकानांच्या उद्घाटनांना बोलावत, आणि १९९५ मध्ये तिसाव्या वर्षी तो गेला तेव्हा त्याला त्याच शर्यतीच्या एन्ट्री (Aintree) इथल्या मैदानात, ज्या रेषेवर तो जिंकत असे तिच्याजवळच पुरले. अमेरिकेतला जॉन हेन्री हा लहानपणी अकराशे डॉलरला विकला गेलेला, दिसायला सामान्य आणि स्वभावाने चावरा घोडा. ८३ धावांत ३९ विजय मिळवून तो निवृत्त झाला आणि केंटकीतल्या सार्वजनिक अश्वोद्यानात २००७ पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षांचा होईपर्यंत, लोक त्याला भेटायला येत राहिले. आपल्या दृष्टीने यातली मोलाची बाब अशी, की हे दोन्ही घोडे खच्ची केलेले होते. त्यांच्यापासून पैदास होणार नव्हती, म्हणजे हिशेबाच्या वहीत पळणे संपताच त्यांची किंमत शून्य होती. लोकांना ते हवे होते, म्हणून ते टिकले.

उलट उदाहरण फर्डिनांडचे आहे. १९८६ च्या केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या नामांकित शर्यतीचा विजेता, १९८७ मधला अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा, पैदाशीसाठी ठेवला गेला आणि १९९४ मध्ये जपानला विकला गेला. तिथे त्याला मागणी राहिली नाही, तो हातोहात फिरला आणि २००२ मध्ये कत्तलखान्यात संपला. ही गोष्ट बाहेर आली ती दुसऱ्या वर्षी, तीही त्याची चौकशी करणाऱ्यांनी पाठपुरावा केला म्हणून. वळू म्हणून किंमत आहे तोवर बैलाला काही होत नाही, असे आपल्याकडे जे म्हणतात, त्यांनी फर्डिनांड लक्षात ठेवावा. पैदाशीची मागणीही एक दिवस संपते, आणि तेव्हा बैल आणखी म्हातारा झालेला असतो.

त्या बातमीने तिथल्या शौकिनांना धक्का बसला आणि त्या धक्क्यातून व्यवहारातले बदल झाले. काही मालक विक्रीच्या करारातच अट घालू लागले, की पुढे घोडा नकोसा झाला तर तो आधी आम्हाला परत विचारावा. न्यूयॉर्कच्या घोडेमालकांनी प्रत्येक धावेमागे एक छोटी ऐच्छिक रक्कम निवृत्त घोड्यांसाठी बाजूला काढायला सुरुवात केली, आणि तिला फर्डिनांडचेच नाव दिले. त्याच सुमारास, २००३ मध्ये, वर्तमानपत्रात चित्रपटांचे परीक्षण लिहिणाऱ्या मायकेल ब्लोवेन यांनी केंटकीत ‘ओल्ड फ्रेंड्स’ नावाचे ठिकाण उभे केले. म्हातारे विजेते घोडे तिथे राहतात, लोक गाजरे घेऊन त्यांना भेटायला येतात, आणि देणग्यांवर ते चालते. १९९७ च्या डर्बीचा विजेता सिल्व्हर चार्म हाही फर्डिनांडप्रमाणेच पैदाशीसाठी जपानला गेला होता. तो २०१४ मध्ये तिथून परत आणला गेला आणि ‘ओल्ड फ्रेंड्स’मध्ये राहू लागला. दोन डर्बी विजेते एकाच वाटेने गेले. एकाच्या वेळी विचारणारे कोणी नव्हते, दुसऱ्याच्या वेळी होते.

खुद्द जपानमधले चित्र पुढे बदलले, ते तर आपल्या मैदानातल्या माणसाला फार जवळचे वाटेल. नाइस नेचर नावाचा घोडा तिथल्या अरिमा किनेन या मोठ्या शर्यतीत १९९१, १९९२ आणि १९९३ अशी सलग तीन वर्षे तिसरा आला. सलग तिसरा येण्याचा त्याचा हा लौकिकच लोकांच्या मनात बसला. त्याच्या म्हातारपणी निवृत्त घोड्यांसाठी काम करणारी तिथली संस्था दरवर्षी त्याच्या वाढदिवसाला इतर म्हाताऱ्या घोड्यांसाठी निधी गोळा करू लागली आणि शौकिनांनी त्यात कोट्यवधी येन भरले. २०२३ मध्ये तो गेला तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. आपल्याकडेही गट पास करून सेमीला हमखास मार खाणारे, तरीही ज्यांचे नाव निघताच गर्दी हसून टाळी वाजवते, असे बैल प्रत्येक पट्ट्यात आहेत. बक्षिसांच्या यादीत त्यांचे नाव सापडणार नाही. म्हणून मी पुढे जे सुचवतो आहे ते ‘हिंदकेसरी’ किताब मिळवलेल्या किंवा मैदान मारलेल्या बैलांपुरते ठेवू नये, अशी विनंती आताच करून ठेवतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कमिटीने आपल्या मैदानात पळालेल्या बैलांची एक नोंदवही ठेवावी. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. मैदानाच्या आधी पशुवैद्यकाचा दाखला आपण घेतोच, आणि जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्लाही असतो. दाखल्यासोबत तो क्रमांक, बैलाचे नाव, मालकाचे गाव आणि बैलाचे दाती वय लिहून घेतले, की नोंद झाली. बैल पळायचा थांबला की मालकाने कळवावे, आणि कमिटीने वर्षातून एकदा, हंगाम सुरू होण्याआधी, त्या बैलाची खबर घ्यावी. तो विकला गेला असेल तर कोणाला विकला हे लिहावे, आणि मेला असेल तर तेही लिहावे. नाव पुसले जाऊ नये म्हणून निदान क्रमांक तरी हाती हवा.

नोंदीनंतरची पायरी विक्रीची आहे. नोंदवहीत नाव असलेला बैल विकण्याची वेळ आली, तर मालकाने बाजारात नेण्याआधी कमिटीला पंधरा दिवसांची सवड द्यावी, एवढा अलिखित संकेत आपण सर्वांनी मिळून पाळला तरी पुष्कळ होईल. त्या पंधरा दिवसांत कमिटीने तो बैल ठेवून घेऊ इच्छिणारा कोणी शौकीन आहे का, किंवा त्याच मालकाकडे राहू दिला तर वैरणीचा वाटा उचलणारे कोणी आहेत का, हे विचारावे. ज्या बैलाच्या स्टेटसला हजारो लोकांनी पसंती दिली होती, त्याच्यासाठी दहा-वीस माणसेही पुढे येणार नाहीत, असे मला वाटत नाही. त्यांना आजवर कोणी विचारलेच नाही.

पैशाचे म्हणाल तर तो मैदानात आहे. बक्षिसाला ट्रॅक्टर, बुलेट आणि थार लावण्याइतकी ऐपत आपल्या आयोजकांनी मिळवली आहे, याचा मला शौकीन म्हणून अभिमानच वाटतो. प्रत्येक गाडीच्या प्रवेश फीमधला थोडा भाग आणि पहिल्या तीन नंबरांच्या बक्षिसातला ऐच्छिक वाटा जर वैरणीसाठी वेगळ्या खात्यावर ठेवला, तर तो किती बैलांना किती वर्षे पुरेल, हे खजिनदारांनी वर दिलेल्या साडेतीन टनांच्या हिशेबाने आपल्या गावच्या कडब्याच्या भावात एकदा मांडून पाहावे. मात्र हे पैसे मालकाच्या हातात रोख देण्याऐवजी कुट्टी, ओली वैरण आणि खूर कापण्याची मजुरी या रूपानेच जावेत. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी मैदानाच्या दिवशी येतातच, त्यांना बेंदराच्या (आपल्याकडच्या बैलांच्या सणाच्या) आसपास एक फेरी या बैलांसाठी करण्याची विनंती कमिटीच्या लेटरहेडवर गेली, तर तिला वजन राहील.

बेंदराचा उल्लेख मुद्दाम केला. म्हातारा बैल टेम्पोत घालून, गुलाल उधळून, स्पीकरच्या भिंतीपुढे उभा करून त्याचा सत्कार करण्याची कल्पना कोणाच्या तरी मनात येईलच, म्हणून सांगतो की ती टाळावी. ज्याला उठता-बसता त्रास होतो, त्याला टेम्पोच्या फळीवर चढवणे हा सत्कार होत नाही. त्याऐवजी, मालकाची संमती असेल तिथे, कमिटीने बैलाच्या गावाचे नाव जाहीर करावे आणि शौकिनांनी खांदमळणीच्या दिवशी त्याच्या गोठ्यात जावे. ज्या खांद्याने आपल्याला इतकी मैदाने दाखवली, त्याला तूप-हळद लावायला मालकाच्या बरोबरीने हात लागले, तर मालकालाही बरे वाटेल. जाताना हार, फेटा, नारळ नेऊ नये. कुट्टीचे पोते न्यावे. पुरणपोळीचा घास एखादाच. पन्नास जणांनी पन्नास पोळ्या चारल्या तर रात्री त्याचे पोट फुगेल, आणि डॉक्टरला बोलावण्याची धावपळ मालकाच्या नशिबी येईल.

यावर जे आक्षेप येतील ते मला ठाऊक आहेत. शेतकऱ्याला स्वतःला म्हातारपणी कोणी विचारत नाही, तिथे बैलाच्या पेन्शनच्या गप्पा कशाला, हा त्यातला सर्वांत जड आक्षेप आहे, आणि तो करणाऱ्याची थट्टा मी करणार नाही. पण मी शेतकऱ्याच्या वाट्यातले काढून बैलाला द्या असे म्हणत नाही. आज जो भार एकटा शेतकरी उचलतो, त्यातला थोडा मैदानातल्या पैशाने आणि आमच्यासारख्यांनी उचलावा, असे म्हणतो. गोशाळा आहेत ना, असेही काही जण म्हणतील. गोशाळांचे काम मोठे आहे, परंतु त्यांच्या दारात आधीच भाकड आणि जखमी जनावरांची रांग असते, आणि जो बैल दहा वर्षे एका माणसाच्या हाकेवर उठला-बसला, तो शेकडो जनावरांच्या कळपात पहिल्या महिन्यातच खाणे सोडतो, असे अनुभवी मालक सांगतात. शक्य तिथे तो आपल्याच दावणीला राहावा. तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येईल: अशी नोंद ठेवली तर उद्या शर्यतीचे विरोधक तीच वही न्यायालयात नेऊन, बघा किती बैलांचा पत्ता नाही, असे म्हणतील. हा धोका आहे. पण वहीच नसेल, तर ‘पोटच्या पोराप्रमाणे सांभाळतो’ हे आपले म्हणणे न्यायालयात कशाच्या आधारावर टिकवणार?

आणखी एका पिढीविषयी लिहिले नाही तर हे पत्र अपुरे राहील. २०१४ ते २०२१ या बंदीच्या वर्षांत जे खोंड ऐन भरात होते, ते न पळताच जुळले आणि न पळताच म्हातारे झाले. मैदान बंद असतानाही ज्यांनी पदरमोड करून त्यांना सांभाळले, त्या मालकांमुळेच बंदी उठल्यावर छकड्यांना जुंपायला जातिवंत जनावरे मिळाली. त्या बैलांतले जे थोडे आज हयात असतील, त्यांच्या नावावर एकही बक्षीस नाही. नोंदवहीचे पहिले पान त्यांना द्यावे, असे मला वाटते. त्यांची नावे गावोगावच्या जुन्या शौकिनांना अजून तोंडपाठ आहेत, ती आताच लिहून घेतली पाहिजेत.

नोंदवहीचा एक नमुना मी तयार केला आहे. एका पानावर एक बैल, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक, मालकाचे गाव, शेवटचे मैदान आणि दरवर्षीची खबर लिहायला दहा रकाने, असा तो साधा आहे. पुसेगाव आणि खरसुंडीच्या यात्रांच्या आधी ज्या कमिट्यांच्या बैठका होतील, त्यांत हा विषय एकदा वाचला जावा. जी कमिटी होकार देईल, तिच्या पट्ट्यातल्या गावांत जाऊन पहिल्या वर्षीच्या नोंदी घेण्याचे काम आम्ही काही शौकीन आपापल्या खर्चाने करू. कमिटीने फक्त एक जबाबदार माणूस आणि वही ठेवायला एक कपाट द्यावे.

आपला,
खानापूर तालुक्यातील एक शर्यतशौकीन
जि. सांगली